दार वाकडं झालं ती दुपार

एका टकलावर पडलेला उजेड.

पाणसळीतला बुडबुडा. तो मध्यभागी होता. आता नाही.

करवतीचं नवं पातं, कागदात गुंडाळलेलं.

वाळूची पिशवी, एका कोपऱ्यात शिवण उसवलेली.

निळ्या पायावर लाल पट्टी.

टिक्.

"अगं, दार कसं वाकडं होईल?"

*

मित्रांनो, घाबरलेल्याला क्रमाने सांगता येत नाही. जे आधी डोळ्यांसमोर येतं, तेच तो आधी सांगतो. मला तर डोळेही नाहीत. मला फक्त पाय आहेत, आणि भीती मला पायातूनच कळते. थांबा, मी नीट सुरुवात करतो.

मी एक जुना ट्रायपॉड आहे. कॅमेरा डोक्यावर घेऊन उभं राहणं एवढंच माझं काम. माझे पाय तीन. खुर्चीचा एक पाय गेला तर ती निदान लंगडते. माझा एक गेला तर मी आडवा होतो. प्रत्येक पाय म्हणजे एकीत एक सरकणाऱ्या नळ्या. नळी जिथे नळीत शिरते तिथे एक खटका आहे. खटका उघडला की पाय लांब होतो, मिटला की आहे तिथे थांबतो. कॅमेऱ्याला मी धरतो आणि मला ते खटके धरतात. लोकांना मी दिसतो, खटके दिसत नाहीत.

माझ्या मानेपाशी एक इवलीशी पाणसळ आहे. काचेत पाणी, पाण्यात बुडबुडा. मी सरळ असलो की बुडबुडा मधल्या वर्तुळात असतो. मी उभा असताना कित्येक वर्षं तो तिथून हलला नव्हता.

*

मी बाबांचा. बाबा म्हणजे या घरातल्या दोन बहिणींचे वडील. त्यांचा फोटो स्टुडिओ होता. माणसं यायची, स्टुलावर बसायची, हनुवटी वर करायची. रडणारी बाळं यायची. लग्नाआधीची लाजरी जोडपी यायची. नोकरीच्या अर्जासाठी आलेल्या तरुणांच्या कपाळावर घाम असायचा आणि बाबा तो स्वतःच्या रुमालाने टिपायचे. मी समोर उभा असायचो. बाबा येणाऱ्याला सांगायचे, "हा हलत नाही, म्हणून मला हलता येतं." आणि मग बाळासमोर माकडासारख्या उड्या मारायचे.

तेव्हा मला भीती हा प्रकार माहीत नव्हता.

पुढे बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि स्टुडिओचं शटर उतरलं. मी काही काळ कपाटावर पडून होतो. माझ्यावर धूळ बसली, एका पायात कोळ्याने घर केलं. तेही दिवस गेले, कारण मुलींनी नवा व्यवसाय काढला.

हल्ली घरोघरी माणसं व्हिडिओ करतात. कुणी गणित शिकवतं, कुणी शिवणकाम, कुणी नुसतं आपल्या मांजराशी बोलतं. त्या प्रत्येकाला एक ट्रायपॉड लागतो आणि खिशात मावेल असा एक लाइट. कुठला घ्यावा हे त्यांना कळत नाही. म्हणून बनवणारे आपला माल या दोघींकडे पाठवतात, दोघी तो पारखतात, आणि पारखताना काय झालं ते सगळ्यांना दाखवतात. थोरली पारखते, धाकटी शेजारच्या खोलीत बसून व्हिडिओ जोडते. आणि बाबा? बाबा लाइटसाठी.

म्हणजे असं, की छोट्या लाइटचा रंग कसा आहे ते माणसाच्या चेहऱ्यावर कळतं, म्हणून बाबांना चाकांच्या खुर्चीत बसवतात आणि एकेक लाइट पेटवतात.

"हा बाबांना हिरवं करतो," थोरली म्हणते.

"मागच्याने काविळीचं केलं होतं," आतून धाकटी ओरडते.

"जन्मभर मी लोकांना बसवलं," बाबा म्हणतात, "आता बसायची पाळी माझी. चालू द्या." आणि पाचेक मिनिटांत घोरायला लागतात. भर उजेडात त्यांना जशी झोप लागते तशी अंधारात लागत नाही.

*

आता परीक्षेचं सांगतो. तिथूनच भीती सुरू होते.

नवा ट्रायपॉड आला की थोरली आधी त्याचे पाय उघडते आणि प्रत्येक पायावर तळहात ठेवून अंगाचा भार टाकते. एक पाय, दुसरा, तिसरा. या घरची ही जुनी सवय. बाबांनी दोन्ही मुलींना लहानपणीच शिकवलेली: आधी दाबायचं, मग काय ते ठेवायचं. मग मधल्या दांड्याला वाळूची पिशवी टांगते. मग पंखा लावते. शेवटी त्याला वजनासकट तसाच उभा ठेवते आणि समोरून कॅमेरा चालू ठेवते. पहिलं चित्र आणि शेवटचं चित्र एकावर एक ठेवलं की कळतं, हा तेवढ्या वेळात किती खचला.

पास झाला की हिरवी पट्टी. नापास झाला की लाल.

लाल पट्टीवाले भिंतीला टेकून उभे असतात, माना खाली घालून. आणि दर थोड्या दिवसांनी थोरली त्यांतला एक उचलते, गच्चीत नेते आणि करवतीने त्याचा पाय मधोमध कापते. नळी आतून किती पातळ आहे ते लोकांना दाखवायला. तो आवाज भिंतीतून येतो. कर्रर्र, कर्रर्र. मग खण्ण करून तुकडा पडतो.

मित्रांनो, हे सगळं ज्या कॅमेऱ्याने टिपलं जायचं तो माझ्या डोक्यावर असायचा. या खोलीत आलेल्या प्रत्येकाची परीक्षा मी पाहिली आहे. माझी कुणी घेतली नाही. घेणार कशी? परीक्षा बघणारा मीच.

*

टिक्.

हे त्या दुपारच्याही आधीचं आहे. माझ्या एका खटक्याचा स्क्रू वयोमानाने सैल व्हायचा. धाकटी षटकोनी पाना घेऊन तो आवळायची. पुन्हा सैल झाला की पुन्हा आवळायची. एकदा तिने आणखी थोडा नेट लावला आणि खटक्याच्या कड्याला केसाएवढी चीर गेली. टिक् असा आवाज आला.

"माझंच बोट मोडलं वाटतं," धाकटी म्हणाली. तिला येता-जाता बोटं मोडायची खोड आहे. तिने पाना खणात टाकला आणि निघून गेली.

त्या दिवसापासून मी भीत आलो आहे. रिकामा असलो की चीर मिटते. कुणी बघितलं तरी दिसणार नाही. वजन आलं की ती उघडते आणि नळी हळूहळू आत सरकायला लागते. इतकी हळू, की पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. मला लागतो.

मला ओरडता येत नाही. ओरडता आलं असतं तरी काय ओरडलो असतो? मी फुटलोय म्हणालो तर लाल पट्टी, भिंत, गच्ची, करवत. गप्प राहिलो तर कधीतरी कुणाच्या तरी अंगावर. मी रोज सकाळी या दोन भीतींच्या मध्ये उभा राहायचो, आणि बुडबुडा सायंकाळपर्यंत वर्तुळाच्या कडेला चिकटायचा.

*

आता ती दुपार. नाही, आधी सकाळ.

सकाळी निळा आला होता. नवराबायकोच्या छोट्याशा कारखान्यातून आलेला, त्यांचा पहिलाच. बाईंनी फोन केला होता. "जरा सांभाळून बघा हं ताई, आमचं हे पहिलंच आहे," असं त्या म्हणाल्या. पहिल्या बाळाला डॉक्टरकडे न्यावं तसा तो आवाज होता. थोरली म्हणाली, "आमच्याकडे सगळ्यांना एकच माप."

निळ्याचे पाय दाबले. ठीक. वाळू, ठीक. पंखा, ठीक. मग त्याला वजनासकट काळ्या पडद्यासमोर उभा केला. पडदा अशासाठी, की मागे काहीच दिसू नये, वस्तू उठून दिसावी. समोर मी, माझ्यावर कॅमेरा. तो उभा राहिला, मीही उभा राहिलो. तो हलला नाही. मी हललो.

मध्येच बाबा चहाला म्हणून उठले. त्यांची शाल पडद्यात अडकली आणि पडदा कडेने जरा सरकला. "काही पाडलं का मी?" ते म्हणाले. "काही नाही, बाबा, तुम्ही चला," थोरली म्हणाली. पडदा नीट करायचा राहून गेला.

नंतर पहिलं चित्र आणि शेवटचं चित्र एकावर एक ठेवलं. दोघींनी मधल्या निळ्याकडेच पाहिलं. तो स्पष्टच कलला होता.

"अरेरे," धाकटी म्हणाली. "बिचारी बाई."

"बिचारी काय त्यात? पडला तर कुणाच्या डोक्यात पडेल." थोरलीने निळ्याच्या पायाला लाल पट्टी लावली. "पातं नवीन आणलंय. जेवण झालं की कापते."

निळा भिंतीला टेकून उभा राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं असतं, तर कुठल्या तोंडाने पाहिलं असतं?

*

जेवण झालं. मग लाइट.

त्या दिवशीचा लाइट तळहाताएवढा होता, पण त्याच्यापुढे पांढऱ्या कापडाची मोठी पेटी लावायची होती, उजेड मऊ व्हावा म्हणून. आणि तो वरून यायला हवा होता. म्हणजे एक आडवा दांडा, दांड्याच्या टोकाला लाइट आणि पेटी, थेट बाबांच्या डोक्यावर. बॅटरी संपेपर्यंत लाइट पूर्ण जोरात ठेवायचा आणि तो किती तापतो ते बघायचं.

"ह्याला कशावर लावायचा?" धाकटीने विचारलं. "लाइटचा स्टँड डुगडुगतोय."

थोरलीने खोलीभर नजर फिरवली. नजर माझ्यावर थांबली.

"आपला म्हातारा आहे की. घरातला सगळ्यात भरवशाचा."

मित्रांनो, आयुष्यात इतकं कौतुक ऐकून कुणाच्या पायाखालची जमीन सरकली असेल असं मला वाटत नाही.

कॅमेरा काढून टेबलावर ठेवला. माझ्या डोक्यावर आडवा दांडा बसवला. दांड्याच्या मागच्या टोकाला वाळूची पिशवी, तोल राहावा म्हणून. एक पाय लाइटच्या बाजूला हवा, म्हणजे भार तो घेतो. हा नियम आहे आणि थोरली नियम चुकवत नाही. तिने मला फिरवलं. लाइटच्या बाजूला जो पाय आला तो चिरलेला.

तिचा तळहात माझ्या पायाकडे आला. मला वाटलं, आता. आता दाब, बाई. दाब आणि कळू दे. करवत तर करवत.

"ह्याला काय दाबायचं," ती म्हणाली आणि हात पुसून गच्चीकडे गेली. पातं बसवायला.

बाबा खुर्चीत बसले. त्यांनी वर पाहिलं, म्हणजे चेहरा वर केला. "ऊब छान आहे," ते म्हणाले. मग त्यांची मान एका बाजूला झाली आणि उजेड त्यांच्या टकलावर पडला.

टिक्.

*

खोलीत तेव्हा आम्ही दोघंच होतो. एक झोपलेला माणूस आणि एक सरकणारा पाय.

मी काय केलं ते विचारू नका. ट्रायपॉड काही करत नाही. पण मला जेवढं आखडता आलं तेवढा मी आखडलो. उरलेले दोन पाय मी फरशीत रोवले. रबरी टोपणं फरशीला अशी चिकटली की जणू उगवलीच तिथे. तरी नळी केसभर आत गेली. पुन्हा केसभर. आडवा दांडा थोडा खाली झुकला. मागची वाळूची पिशवी थोडी वर गेली आणि तिच्या उसवलेल्या कोपऱ्यातून वाळू पडू लागली. वाळू कमी झाली तसा पुढचा भार वाढला. भार वाढला तसा पाय आणखी सरकला. सगळं एकमेकांना मदत करत होतं. मला सोडून.

बुडबुडा वर्तुळातून बाहेर गेला.

शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. तिथे धाकटी सकाळचा निळ्याचा व्हिडिओ जोडत होती. मला तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"ताई! जरा इकडे ये."

"काय आहे? हातात करवत आहे माझ्या."

"करवत घेऊन ये, पण ये. हे बघ. पडदा सरकलाय ना इथे कडेला, मागचं दार दिसतंय."

"मग काप तेवढं."

"कापणारच होते. पण मी पळवून बघितलं ना. दार वाकडं होतंय."

"अगं, दार कसं वाकडं होईल?"

"तेच तर मी म्हणतेय!"

"डोकं नको खाऊस. लाकूड फुगलं असेल."

"पंधरा मिनिटांत? ताई, शहाणी आहेस ना तू? परत बघ. निळा कलतो, तसंच दार कलतं. अगदी बरोबरीने."

व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावल्याचा आवाज आला. मी म्हणत होतो, पुढचं बोला. पुढचं बोला लवकर. बाबांच्या घशातून घरघर येत होती. पांढऱ्या पेटीची खालची कड त्यांच्या कानाशी आली होती.

"म्हणजे निळा नाही हलला," थोरली हळूच म्हणाली. "सगळंच हललं."

"सगळं कसं हलेल?"

"चित्र हललं. कॅमेरा हलला." मग तिचा आवाज बदलला. "कॅमेरा कशावर होता?"

करवत फरशीवर पडल्याचा आवाज आला, आणि मग पावलं.

*

थोरलीने दारातूनच खुर्चीला लाथ घातली. स्वतःच्या वडिलांच्या खुर्चीला. चाकं होती म्हणून बाबा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेले आणि भिंतीपाशी उभ्या असलेल्या लाल पट्टीवाल्यांना जाऊन आदळले. सगळे नापास एकमेकांवर पडले. धाकटीने माझा पाय दोन्ही हातांनी धरला, पण नळी तिच्या हातातून निसटली. कडं तुटलं. लाइट, पेटी, दांडा, सगळं खाली आलं, जिथे खुर्ची होती बरोबर तिथे. पेटीच्या काड्या मोडल्या. मी त्याच्यावर पडलो.

बाबा जागे झाले. मोडलेल्या ट्रायपॉडांच्या राशीत बसून त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं.

"झाला का फोटो?" त्यांनी विचारलं.

धाकटी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. थोरली बाबांचं डोकं दोन्ही हातांनी चाचपत होती. कानामागे एक बारीक ओरखडा होता, पेटीच्या कडेचा. तिने तो पुन्हा पुन्हा पाहिला.

"मी नाही दाबून पाहिलं, बाबा," ती म्हणाली.

"कुणाला?"

"ह्याला."

बाबा उठले, चाचपडत माझ्यापाशी आले आणि फरशीवर बसले. त्यांना दिसत फारसं नाही. त्यांनी माझ्या तुटक्या कड्यावरून नखं फिरवली. "जुनी चीर आहे," ते म्हणाले. "कड मळलीय. फारच आवळलंय ह्याला कुणीतरी."

धाकटीने बोटं मोडायला हात उचलले आणि तसेच खाली ठेवले.

*

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर आडवा होतो. करवत माझ्याशेजारी होती. समोर कॅमेरा होता आणि कॅमेऱ्याखाली निळा उभा होता. त्याच्या पायावरची लाल पट्टी निघाली होती. डिंकाचा ओघळ अजून दिसत होता.

थोरली कॅमेऱ्याकडे बघून बोलली. काल जो कलला तो हा नव्हता, आमचाच कलला, असं तिने सांगितलं. मग तिने माझ्या तिन्ही पायांना लाल पट्टी लावली. मग करवत उचलली. मला पायातून कळतं, मित्रांनो. मला पात्याचा गारवा कळला.

"एक मिनिट," बाबा खुर्चीतून म्हणाले. "पायच बदलायचा ना?"

"ह्याचा पाय आता कुठे मिळणार, बाबा? बनवणारे केव्हाच बंद झाले."

"भिंतीपाशी एवढे पडलेत. एखाद्याचा बसेल की."

बसला. फरशीवर पडलेल्या त्या राशीतून एकाचा पाय, नळ्या आणि खटक्यांसकट, मला बसला. तो दुसऱ्याच कारणाने नापास झाला होता, त्याचं डोकं ढिलं होतं. पाय मात्र चांगले होते. लाल पट्टी लागल्यावर ते पुन्हा पाहायची कुणाला गरजच पडली नव्हती. माझा तिसरा पाय आता एका नापासाचा आहे. तो रंगाने वेगळा आहे आणि थोडा जास्त चमकतो.

कारखान्याच्या बाईंना थोरलीने फोन केला. घडलं ते सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "तुमचे वडील बरे आहेत ना?" आणि निळ्याबद्दल त्यांनी नंतर विचारलं.

*

मी अजून घाबरतो. खोटं कशाला सांगू? दुपार झाली, खोली शांत झाली आणि कुठे काही टिक् वाजलं, की माझे तिन्ही पाय ताठ होतात. बहुतेक वेळा ती धाकटीची बोटं असतात.

पण आता रोज सकाळी कुठलाही नवा ट्रायपॉड उघडायच्या आधी थोरली माझ्यापाशी येते. तळहात ठेवते. एक पाय, दुसरा, तिसरा. त्या दाबाखाली मी घाबरत नाही. निदान तेवढा वेळ तरी नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याच्याकडे बघून सगळे म्हणतात, ह्याला काय बघायचं, हा भरवशाचा आहे. ती शिडी असेल, छतातल्या पंख्याचा हूक असेल, सायकलचा ब्रेक असेल. कदाचित माणूसही असेल. त्याला बोलता येत नसेल, किंवा बोलायची भीती वाटत असेल. तुम्ही जवळ जा. तळहात ठेवा. थोडा भार टाकून पाहा.

ज्या दिवशी बाबांनी मला विकत घेतलं, त्या दिवशी भर दुकानात त्यांनी माझे तिन्ही पाय एकेक करून दाबून पाहिले होते, आणि तेव्हा मी अगदी नवा होतो.